इस्त्रीवरचा आळ

सोमवार, ३ मार्च

पुन्हा बंद! ज्वालामुखीच्या पोटात लाव्हा भरत होते आणि खट्ट – कॉम्प्युटरचा पडदा काळा. सूचना नाही, कुरकुर नाही. दुपारभराचं चित्र गेलं. भूगोलाच्या पुस्तकाची सगळी चित्रं शुक्रवारी द्यायचीत. नवरा म्हणतो, "मधूनमधून सेव्ह करत जा." हे मलाही सुचलं होतं – चित्र गेल्यावर.

मंगळवार, ४ मार्च

दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "मॅडम, व्होल्टेज पडत असेल. घरात जड काही चालतं का?" चालतं ना. खालच्या मजल्यावर जाऊबाई कपडे शिवून देतात. त्यांची मोठी इस्त्री लागली की आमचे दिवे मिणमिणतात. सापडला चोर.

पण सांगणार कोण? जिन्यातला दिवा कोण चालू ठेवतं यावरून वर्षभर आमचा अबोला. नवऱ्याला म्हटलं, तुझी वहिनी, तू जा. "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही. गेल्या वेळी पडलो होतो, अजून दुखतंय."

बुधवार, ५ मार्च

आज तर कॉम्प्युटरनं मान टाकण्याचा सपाटाच लावला. लाव्हा अर्ध्यावर.

गुरुवार, ६ मार्च

गेले शेवटी खाली. भांडायची वाक्यं जिन्यात घोकली, दार उघडल्यावर एक आठवेल तर शपथ. "जाऊबाई, तुमच्या इस्त्रीमुळे माझा कॉम्प्युटर बंद पडतो. बहुतेक." शेवटचा शब्द आपोआप आला.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माझ्या इस्त्रीवर आळ? चल, बघू." इस्त्री अजून लावलीच नव्हती. ती उचलून माझ्यामागून वर आल्या आणि टेबलावर ठेवली – आरोपी हजर.

मी चित्र उघडलं. दोघी बघत बसलो.

"हा डोंगर का?"

"ज्वालामुखी."

"तरीच."

खट्ट. बंद.

इस्त्री बिचारी गार. जाऊबाईंनी मला एका शब्दानं टोचलं नाही, हे विशेष. कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला नि झटकन काढला. "अगं, हा तर इस्त्रीपेक्षा तापलाय."

वायर काढली, गार होऊ दिला, झाकण उघडलं. आतल्या पंख्यात केसांची ही गादी! पिवळे केस. आमच्याकडे मांजर नाही. जाऊबाईंकडे आहे.

"दुपारी तुमच्या जेवणाच्या वेळेला हिला शोधत मी गल्ली पालथी घालते," त्या म्हणाल्या, "आणि महाराणी इथे शेकत बसतात होय."

मग जे हसू सुटलं ते आवरेना. माझा रंगाचा ब्रश त्यांनी घेतला, मी चिमटा. पंखा मोकळा केला, गरगर फिरला. लाव्हा काठोकाठ भरला. कॉम्प्युटर एकदाही बंद नाही.

शुक्रवार, ७ मार्च

चित्रं पाठवली. ज्वालामुखी पसंत. दुपारी जाऊबाई वर आल्या, "पंखा बरा आहे ना?" म्हणून. पंख्याची तब्येत विचारायला दोन कप चहा लागला. नवरा दारातून बघून हळूच मागे फिरला.

रविवार, ९ मार्च

सकाळी एक जोडपं टेप घेऊन खालचा मजला मोजायला आलं. जाऊबाईंनी तो विकायला काढला होता – मला आजच कळलं. त्यांनी दोघांना फाटकातूनच परत पाठवलं. "माफ करा," म्हणाल्या, "आता आम्ही राहतोय इथेच."