पुसलेली चामखीळ

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

सोमवारी सकाळी स्टुडिओ उघडला, देवाचं नाव घेतलं आणि रोजच्यासारखे तुझ्या फोटोपुढे हात जोडले. बघतो तर फ्रेममध्ये भलतीच बाई. हनुवटीवरची चामखीळ गायब, सुरकुत्या गायब, गाल गुलाबी.

हा माझ्या भागीदाराचा उद्योग. गिऱ्हाइकांचे चेहरे तो कॉम्प्युटरवर धुऊन काढतो, ते मी मित्र म्हणून सोसत आलो. आता तुझ्यापर्यंत पोचला.

"अरे, आईला तरुण केलं, आणि तू तोंड वाकडं करतोस?"

"लहानपणी त्या चामखिळीला हात लावून झोपायचो मी. कोणाला विचारून पुसलीस?"

"एवढा जीव आहे तर जा आणि नवा फोटो काढून आण. 'पुढच्या महिन्यात जातो' हे किती वर्षं ऐकायचं मी?"

असा राग आला म्हणून सांगू. पण तो बोलला ते खरंच होतं. अलीकडे मी नुसतं बटण दाबतो, आई. समोरचं माणूस दिसतच नाही, हे त्याने ओळखलं असणार.

माझी तब्येत उत्तम. चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी "बरे आहेत" म्हणते, पण ती नेहमीच तसं म्हणते.

आज तिकीट काढलं. रविवारी पोचतो. स्टुडिओची किल्ली त्या शहाण्याच्याच हातात दिली. दुसऱ्या कोणाचा भरवसा धरू?

तुझा,
धाकटा