जोत्याची उंची

गुरुवार, दुपारची भांडी आवरून

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. देवाच्या कृपेने माझी तब्येत उत्तम, तुझ्या बाबांची जवळजवळ उत्तम. तुझं कामाचं आणि जेवणाखाणाचं कळवत जा; कामाचं थोडं कमी लिहिलंस तरी चालेल. कागदाच्या पाठीमागे जुनं वीजबिल आहे, ते वाचत बसू नकोस. एक बाजू कोरी असलेला कागद टाकून द्यायला माझा हात धजत नाही, ठाऊकच आहे तुला.

आता तू ‘जवळजवळ’पाशी अडली असशील. अडू नकोस, मी तिथे येणारच आहे. आधी घर सांगते. तू ते पाहिलेलं नाहीस, कधी विचारलंही नाहीस, आणि मीही आजवरच्या पत्रांत हवापाणी आणि शेजारच्या मांजराच्या खोड्या यांवरच भागवलं.

तर घर उंच आहे. मजल्यांनी नव्हे, मजला एकच, जोत्याने उंच. ज्या चौथऱ्यावर घर उभं असतं ते जोतं, हे मी तुला शिकवायला नको, पण मला हा शब्द याच घराने शिकवला. समोरच्या वकीलसाहेबांचं जोतं कमरेइतकं. म्हणून बाबा गवंड्याला म्हणाले, “आपलं छातीइतकं घ्या.” गवंड्याने “बरं” म्हटलं आणि घेतलं. कोणाच्या छातीइतकं, हे दोघांनीही बोलून घेतलं नाही. गवंडी ताडमाड, आणि आपले बाबा कसे आहेत ते तू जाणतेस. जोतं तयार झालं तेव्हा हे त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले, तर हनुवटी वर टेकली. मी म्हटलं, “अहो, थोडं उतरवून घेता येईल.” तर म्हणाले, “नको, छान दिसतंय.” टाचा उंचावून म्हणाले, पण म्हणाले.

मग तेवढं चढायचं म्हणून पायऱ्या आल्या. पुढे जागा कमी म्हणून त्या उभ्या आल्या. पायऱ्यांना शोभा हवी म्हणून दोन जाडजूड खांब आले. ते काही उचलत नाहीत, नुसते उभे असतात. माझ्या हिशोबाच्या वहीत वाळू, विटा, मजुरी अशी सदरं होती, खांब कशात घालू विचारलं तर म्हणाले, “प्रतिष्ठा.” तसं सदर वहीत नव्हतं. मी ‘किरकोळ’मध्ये घातले.

वर, दाराशी, बाबांची खुर्ची. येणारा खाली फाटकाशी उभा राहायचा आणि हे वरून म्हणायचे, “या, वर या.” खालून बघणाऱ्याला यांच्या नाकपुड्याच तेवढ्या दिसतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पेपरवाला पेपर वर भिरकावायचा, तो खांबावर आपटून त्याच्याच डोक्यावर यायचा. शेवटी मी दोरीला टोपली बांधली. दूध, पेपर, भाजी, सगळं टोपलीतून वर. किल्ल्यात राहिल्यासारखं वाटायचं, फक्त शत्रू कोणी येत नव्हता. हळूहळू मित्रही येईनासे झाले.

हस, मीही हसते. पण पुढचंही वाच.

बाबांच्या कचेरीत तू लहानपणी एकदा गेली होतीस. खाली लांबलचक खोलीत टेबलांच्या रांगा, आणि टोकाला लाकडी जिना चढून साहेबांची काचेची केबिन. साहेबांना तिथून सगळ्यांची टकली दिसत. शिपाई यायचा आणि म्हणायचा, “वर बोलावलंय.” आमच्या लग्नानंतर हे पहिल्यांदा घरी येऊन म्हणाले, “आज मला वर बोलावलं होतं,” तेव्हा मी घाबरून देवापुढे दिवाच लावला. हे पोट धरून हसले. पण नोकरी संपेपर्यंत फाईल काखेत धरून तो जिना चढताना त्यांना काय होत असे, ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी डबा तसाच परत यायचा. साहेब माणूस वाईट नव्हता म्हणे. जिनाच वाईट होता.

म्हणून, घर बांधायच्या आधी तू नकाशा काढून आणलास, घर जमिनीलगत, स्वयंपाकघर पुढच्या उजेडात, आणि दारापर्यंत पायऱ्यांच्या जागी उतार, तेव्हा तुला त्यात सोय दिसत होती. यांना दिसलं ते वेगळंच. जन्मभर खाली बसलेल्या माणसाला लेकीनेही खालीच बसवलं. म्हणून ते तसं बोलले, “उतार? हे घर आहे की गोदाम? पोती चढवायची आहेत का?” आणि तू म्हणालीस, “बाबा, तुम्हाला घर नकोच आहे, केबिन हवी आहे.” खरं बोललीस, म्हणून तर लागलं. नकाशाची गुंडाळी उचलून, केसांत खोचलेल्या पेन्सिलीसकट तू निघून गेलीस, ती अजून आलेली नाहीस.

आता ‘जवळजवळ’. बाबा पडले. एकदम उठू नकोस, बसून वाच. वकीलसाहेब फाटकाशी आले होते, यांनी खुर्चीतून उठून “वर या” म्हटलं आणि बोलावता बोलावता स्वतःच खाली गेले. वकीलसाहेबांनीच उचललं. हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी नीट तपासलंय. गुडघा मात्र वाकत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, पायऱ्या आता विसरा. मी तेव्हाच लिहिणार होते, पण यांनी हात धरला, “तिला कळवू नकोस. ती काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसवणार नाही.”

मग उरलं मागचं दार. घरामागची जमीन चढती, त्यामुळे तिथे जोतं आपोआप संपतं; गटारावर फळी टाकली की माणूस थेट माझ्या स्वयंपाकघरात. कडी आतून, आणि आत मी. पहिल्या दिवशी टकटक झाली.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“अगं, घराचा मालक!”

“मालक पुढच्या दाराने येतात हो,” मी म्हटलं, आणि बाळ, तुझ्यापाशी कबूल करते, कडी काढायला मी जरा वेळ लावला. फार बरं वाटलं.

आणखी एक, ते मात्र कोणाला बोलू नकोस. तू गेल्यापासून मी रोज देवापुढे म्हणत होते, “यांना थोडं वाकायला शिकव.” नीट फोड करून सांगायला हवं होतं. गुडघा वाकायचा थांबला आणि बाकीचे हे वाकले. तक्रार कुठल्या तोंडाने करू? मागितलं तेच दिलंय त्याने, फक्त जागा बदलून.

आता हे शेगडीशेजारी स्टुलावर बसतात, एक पाय समोर ताठ, आणि वाटाणे सोलतात. वकीलसाहेबही मागूनच येतात आणि निम्मे वाटाणे तोंडात टाकतात. दोघांच्या नाकपुड्या आता एका पातळीवर असतात, त्यामुळे गप्पा रंगतात. पुढच्या दिवाणखान्यात कोळ्याने ऐसपैस घर बांधलंय, कोणाला न विचारता.

काल यांनी कोळसा घेतला आणि माझ्या पुसलेल्या फरशीवर एक रेघ ओढली. नकाशातल्यासारखी, जमिनीपासून पुढच्या दारापर्यंत, तिरपी. मी म्हटलं, “एवढी उभी? यावरून सुटलात तर थेट वकीलसाहेबांच्या घरात.”

“या की,” वकीलसाहेब म्हणाले, “फक्त चपला बाहेर काढून या.”

हे हसले नाहीत. फरशीकडेच बघत म्हणाले, “नीट उतार काढून देणारं कोणी आहे का ओळखीत?”

“आहे एक,” मी म्हटलं. “पण ते लोक गोदामांची कामं करतात म्हणे.”

“नाव काय?”

“नाव तुम्हीच ठेवलंय.”

यांनी हातातली शेंग फोडून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाले, “पेन्सिल.”

बाळ, तू गेल्यापासून या घरात तुझं हे लाडाचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. मी शेगडीकडे तोंड केलं. फोडणी डोळ्यांत गेली म्हणायची सोय असते.

वकीलसाहेबांना काय कळणार! म्हणाले, “चढायला सोपा उतार हवा तर तो चांगला लांब घ्यावा लागतो. मलाही एक काढून द्या, गुडघे माझेही बोलायला लागलेत.” झालं, बाबा ताठ. “आधी आमचा. आणि तुमच्यापेक्षा लांब!” जमिनीवर कोण जास्त हळू उतरतो, याचीच आता चढाओढ सुरू झाली आहे. होऊ दे. या चढाओढीत कोणी पडायचं नाही.

ते खांब काढायला सांगू नकोस, एवढं माझं ऐक. यांचा तेवढा थाट राहू दे, आणि मला एकाला कपडे वाळत घालायची दोरी बांधता येईल.

खाली यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत, असं त्यांना सांगितलंय.

कडी काढून ठेवणारी,
तुझी आई

विषय : पुढील दारी उतार करून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयी आपण पूर्वी सादर केलेला नकाशा योग्य होता, असे प्रत्यक्ष पडून पाहिल्यावर निदर्शनास आले आहे. तो त्या वेळी नामंजूर केल्याबद्दल ही कचेरी दिलगीर आहे. तरी आपण समक्ष येऊन जागेची पाहणी करावी. येताना नकाशा नसला तरी हरकत नाही.

वर येऊ नये. मागच्या दाराने आत ये.

बाबा