मोह पडायच्या दिवसांत परीक्षा

१२ फेब्रुवारी
पालकसभा. साऱ्या देशात जो दर्जा, तोच आता आपल्या शाळेत, हे सांगितलं. माझी मुलगी जळगावात हीच नवी पुस्तकं शिकते. माझ्या वर्गातल्या शेवंतीला का नकोत? बोलता बोलता म्हणून गेले, "आपल्या पोरांना कमी लेखू नका." टाळ्या. बरं वाटलं. जरा जास्तच.

शेवंतीचे आजोबा, नाना, मागून: "बठ्ठं ठीक शे, मॅडम. पन परीक्षा कधी?" मोहफुलं पडू लागली की ती वेचायला पहाटेपासून घरंच्या घरं जंगलात, पोरांसकट. शाळा ओस. तिथूनच सुनंदाला फोन. धुळ्याच्या डी.एड.पासूनची मैत्रीण, तालुक्याच्या परीक्षा आता तिच्याकडे. माझं टाळ्यांचं वाक्यही तिला ऐकवलं. म्हणाली, "मोह संपल्यावर घेऊ गं. सांगून टाक गावाला."
सांगून टाकलं.

११ मार्च
शेवंतीने नव्या पुस्तकातली आख्खी गोष्ट न अडखळता वाचली. मग मलाच: "मॅडम, यामा मोहनं झाड का नही?" पुस्तक पानोपान चाळलं; खरंच नव्हतं. तरी दर्जा हवाच, असं अजून वाटतं.

२४ मार्च
जळगावला प्रशिक्षण. परीक्षा ६ एप्रिलला. ऐन मोहात. हात वर केला. सुनंदा माइकवरून, माझ्याकडे न बघता: "सवलत मागणारे शिक्षकच मुलांना कमी लेखतात." हॉलभर माना डोलल्या. माझंच वाक्य.

गैरहजर मूल 'स्तराखाली'. जूनपासून त्याला वेगळं बसवून, नव्या पुस्तकांऐवजी सोपी पातळ पुस्तिका. म्हणजे शेवंतीलाही. मग सगळ्यांना सारखं ते काय?

चहाच्या वेळी सुनंदाला गाठलं. "शब्द दिला होतास."
"मी आपलं बोलले गं. तू लगेच गावाला कशाला सांगितलंस?"
चोपड्यापर्यंत एसटीत हेच. कशाला सांगितलं? लेखी काही न मागता? मैत्रिणीकडे लेखी मागतात का...

३० मार्च
नानांना सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं. हसले. "मंग मोहलेच सांगू का, मॅडम? परीक्षा शे, पडू नको म्हनीसन?" जाता जाता: "तुम्ही बोलनात, म्हनीसन आम्ही मानं."
सुनंदाने मला फसवलं, हे खरं. नानांना कुणी फसवलं?

५ एप्रिल
सुनंदाचा मेसेज: "उद्या सकाळी तुझ्या शाळेवर येते. परीक्षा वर्गातच हं. पाहुणचार नको." पुढे हसरा चेहरा.

नानांना विचारलं, पहाटे झाडाखाली येऊन पोरांची परीक्षा घेतली तर?
"या ना. पन टोपली लई या. रिकामा हातनी कोनी येत नही."

नियमात बसत नाही. शिवाय हे शेवंतीसाठी, की माझा गेलेला शब्द परत मिळवायला? बराच वेळ विचार केला. दोन्ही असावं. मग चूक की...

टोपली काढून दारात ठेवली आहे. प्रश्नपत्रिका तिच्यात. शाळा एकशिक्षकी, किल्ली माझ्याचकडे; सुनंदाला कुलूप दिसेल.