बॉनेट उघडं ठेवण्याचं कारण

झिंज, बहारीन

ती. लक्ष्मीआत्यास,

तेजस्वीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि आतोबा साखर सोडल्याचं नाटक अजून करतात का, ते कळव. मी ठीक आहे. हिद्दच्या कारखान्यातले माझे मीटर बरोबर आकडे दाखवतात, त्यामुळे माझी कोणी विचारपूस करत नाही. फोन सोडून पत्र का, ते पुढे येईल.

इथे थंडीत चांगला पाऊस झाला की वाळवंटात फगा उगवतो. आपल्या अळंबीचा लांबचा नातेवाईक, पण जमिनीच्या आत वाढतो आणि दिसतो बटाट्यासारखा. तो मिळण्याची जागा ज्याची त्यालाच माहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आतिकाची आई दर वर्षी तो शोधायला जाते. (त्यांना सगळे उम्म लतीफ म्हणतात, म्हणजे लतीफची आई, इथे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात.) आतिकाने बरीच मनधरणी केल्यावर त्या मला न्यायला तयार झाल्या. अट एकच, जागा कोणाला कळता कामा नये. मी हो म्हटलं. युरोपात असलं काही मोठाल्या ओक झाडांखाली मिळतं असं वाचलं होतं, म्हणून सावलीत बसायला घडीची खुर्ची घेतली. तिथे क्षितिजापर्यंत एकही झाड नाही. मी विचारलं, झाड कुठे आहे? उम्म लतीफ माझ्या बुटाकडे बघून इथल्या बाजारी हिंदीत म्हणाल्या, "तुम उसके ऊपर खड़ा है."

झाडाचं नाव रगरूग. उंची वीतभर, फांद्या सुतळीसारख्या. त्याच्या सावलीत बसायला मुंगी व्हावं लागेल. पण ते आणि त्याच्या मुळांना बिलगलेला फगा एकमेकांना अन्नपाणी पुरवत अशा खारट जमिनीत जगतात, जिथे आमच्या कारखान्यातलं चांगलं स्टीलही टिकत नाही. मी सहसा कौतुक करत नाही, हे तुला माहीत आहे. याचं करते. उम्म लतीफ यांचंही करते. त्या सकाळच्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून चालतात. फगा वाढताना वरची माती किंचित उचलतो, त्या फुगवट्याची सावली आपल्या बाजूला पडते आणि दिसते (त्यांना, मला नाही). मग स्क्रूड्रायव्हरने हलकेच उकरायचं, फगा काढायचा आणि खड्डा असा बुजवायचा की तिथे कोणी वाकलं होतं हे कळू नये. गाडी तर रस्त्याच्या कडेला त्या बॉनेट उघडं टाकून ठेवतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बिचारी बंद पडली आहे. मदतीला कोणी थांबलंच तर सांगतात, मुलगा येतोय. (तू अळंबीच्या टोपलीवर भारंगीचा पाला पसरून "भाजी आणली" म्हणतेस, त्याची मला आठवण झाली.)

आता आईचा विषय. मनामाच्या बाहेर पाऊल टाकलं की फोनवरून घरच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं, हा तिचा नियम. दात घासावेत तितक्या सवयीने मी ते सकाळीच टाकलं होतं. आईने पुण्यातून पाहिलं की मुलगी वाळवंटात गोगलगायीसारखी गोल गोल फिरते आहे आणि फोन उचलत नाही. तिने इथेच राहणाऱ्या तुझ्या पुतण्याला, विवेकला कळवलं. विवेकने लोकेशन इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. शुक्रवार होता, सगळे घरीच. थोड्या वेळात गाड्यांची रांगच आली. उघडं बॉनेट दिसल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. त्यांनी दोर आणला होता, बॅटरीची केबल आणली होती आणि मोठा डबा भरून पोहे. सतरंजी अंथरली ती नेमकी रगरुगावर. विवेक बॉनेटमध्ये डोकं घालून "बॅटरी गेलीय" म्हणत होता (बॅटरी उत्तम होती) आणि त्याची बायको हेमावहिनी माझ्या पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अगं, एवढे मातीचे बटाटे कशाला घेतलेस?" मग त्या बटाट्यांचा फोटो ग्रुपवर गेला. जागेसकट.

उम्म लतीफ यांनी थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. निघताना मला म्हणाल्या, "मेरा जगह खलास. अब तुम अपना जगह दिखाओ."

तेव्हापासून आतिका माझ्या डब्यात हात घालत नाही. इथे मला मैत्रीण ती एकच आहे.

आतोबांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
तेजस्वी

ता. क. माझ्याकडे जागा नाही. तुझ्याकडे आहे, कुडाळच्या रानातलं अळंबीचं वारूळ, जे तू आतोबांनाही दाखवलेलं नाहीस. आतिका आणि उम्म लतीफ आषाढात भारतात येऊ शकतात. त्यांना ते दाखवशील का? तू नाही म्हणालीस तर मी समजेन, पण नाही म्हणू नकोस. फोनवर विचारलं असतं तर ते घरच्या ग्रुपवर गेलं असतं आणि आत्तापर्यंत तिथे मंडळाची सहल ठरली असती.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात आतिका येऊन गेली. (डबा तिनेच संपवला.) तिला तिच्या आईने काल सांगितलं की ती जागा नवख्यांना दाखवण्यापुरतीच ठेवलेली होती. खरी जागा आतिकानेही पाहिलेली नाही. मी माझी जागा दाखवायची, ही अट मात्र कायम आहे. मी उम्म लतीफ यांना फोन करून स्पष्ट सांगितलं की आत्या पहिल्या दिवशी खोटंच वारूळ दाखवेल. त्या म्हणाल्या, "मालूम है," आणि त्यांनी पंधरा दिवसांची तिकिटं काढली.