प्लेटमधली जखम

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, आणि खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं सोडलं तर झोपही लागते. आईने दिलेला स्वेटर रोज घालते. आमच्या प्रयोगशाळेतला गारवा यंत्रांना मानवतो, माणसांना नाही.

काम चालू आहे. त्वचेच्या पेशींना वरचेवर नवं खाद्य घालावं लागतं, म्हणून रविवारीही जाते. मॅडम म्हणतात, "गुरं पाळल्यासारखंच आहे गं, फक्त शेण काढावं लागत नाही." हल्ली हसायलाही कष्ट पडतात.

आईचा फोन आला होता. तुम्ही केलेला लाल दिव्यांचा खोका आता पुढच्या खोलीत मांडलाय म्हणे. शेजारचे न्हावीकाका दुखरा गुडघा घेऊन येतात आणि तुम्ही त्यांना सांगता, "आमच्या पोरीचा शोध आहे. बसा निवांत, चकटफू!" वायरमनच्या हातचा खोका, वायरिंग चोख असणारच. मला हसू आलं. मग आई म्हणाली, पायाच्या अंगठ्याच्या ड्रेसिंगला जाणं तुम्ही सोडून दिलंय.

फोनवर हा विषय काढला की तुम्ही "हो गं माझे आई" म्हणून हसण्यावारी नेता. म्हणून कागदावर लिहितेय. याचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठवते. पत्राला मधेच तोडता येत नाही.

मागच्या सुट्टीत मी सांगितलं होतं, लाल प्रकाशाने आमच्याकडे जखम एका दिवसात भरते. ते खोटं नव्हतं. पण 'जखम' हा आमचा कामातला शब्द आहे, बाबा. प्लेटच्या तळाशी पेशींचा पातळ थर वाढतो. त्यावर प्लास्टिकच्या बारीक टोकाने एक रेघ ओढायची. त्या रेघेला आम्ही जखम म्हणतो. दोन्हीकडच्या पेशी सरकून रेघ बुजली, की जखम भरली. तिथे रक्त नाही, पू नाही, त्या पायावर कुणी शिडी चढत नाही. तुम्ही ऐकलीत ती तुमच्या अंगठ्याची जखम. शब्द दोघांचा एकच होता, म्हणून मला वाटलं, कळलंय.

शिवाय प्रकाश जास्त झाला तर त्याच पेशी मरतात. तुम्ही तर पेपर वाचून होईस्तोवर पाय आत ठेवून बसता.

मी आणखी एक करून पाहिलं. काही प्लेटच्या खाद्यात साखर वाढवली, तुमच्या रक्तात आहे तशी. ओळखायला झाकणावर 'बा' लिहिलं. मॅडमनी विचारलं, "बा म्हणजे काय?" म्हटलं, "बाबा." त्या मला चहाला घेऊन गेल्या. दिवा तोच, वेळ तीच. साध्या प्लेटमधली रेघ बुजली. 'बा'मधली एकही नाही. पुन्हा केलं, तेच. फार वाटत होतं, बुजावी. शिकले ती घरच्यांच्या काही उपयोगी पडावं म्हणूनच ना.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुम्ही दुपारी झोपला असताना आईने अंगठ्याचा फोटो काढून मला पाठवला. तिला बोलू नका. तो मी इथल्या इस्पितळातल्या सर्जनबाईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "चालतात अजून?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "अंगठा गेलाय. आता पाय वाचवायचा."

उद्या सकाळीच घेऊन या म्हणाल्या. न्हावीकाकांशी बोलले आहे, ते त्यांची गाडी काढताहेत. आई बरोबर आहेच.

घरात मी पहिली शिकलेली, म्हणून माझं प्रत्येक वाक्य तुम्ही खरं मानत आलात. दिव्याचं मानलंत, तसं हेही माना. हे माझ्या प्लेटमधलं नाही.

इस्पितळाच्या दारात मी उभी असेन. माझ्यावर रागावून या, वाटेत कुणाशी एक शब्द बोलू नका, पण या.

तुम्ही येईपर्यंत तिथून न हलणारी,
तुमची धाकटी