दोन खोल्या, फयूम रोड

२ जानेवारी
निवृत्तीचा पहिला दिवस. सवयीने उठलो, दाढी केली, टाय बांधला आणि मग आठवलं. टाय तसाच ठेवला. माणसाने शिस्त सोडू नये.

पाणीखात्याच्या ऑडिटमध्ये अख्खी नोकरी लोकांच्या चुका काढण्यात गेली. अख्ख्या कैरोत वजीह बदरानएवढा सावध माणूस सापडायचा नाही. ग्रॅच्युइटी कालच हातात पडली. पद्धत ठरवली आहे. पेपरातलं पैशाचं पान कापून फाइलला लावायचं, संध्याकाळी टीव्हीवर डॉ. हातिम यांचा 'तुमचा खिसा' बघायचा, दोन्हींचं वजन करायचं आणि मगच हलायचं. घाई नाही.

इन्साफ म्हणाली, अहो, त्या पैशांतून आधी तळमजला बघा, माझ्या गुडघ्यांत आता जीव राहिला नाही. आमचा पाचवा मजला, लिफ्ट नाही. बेकरीच्या मागची जागा रिकामी होतेय म्हणे. मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही नव्हे, हे हिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

५ जानेवारी
मेव्हणा आला. सबरी. नळ आणि कमोडचं दुकान आहे. कोणी विचारलं नसताना म्हणाला, दाजी, डोकं लावू नका. अर्ध्यात ताईला तळमजला घ्या, उरलेल्याचं बँकेत सर्टिफिकेट करा, दर महिन्याला व्याज खा आणि पाय पसरून झोपा.

नळवाला मला अर्थशास्त्र शिकवणार! डॉ. हातिम कालच म्हणाले की बँकेत पैसा ठेवणारा खिशात बर्फ घालून फिरतो. हे सबरीला ऐकवलं. म्हणाला, मग हा डॉक्टर कसला, सर्दीपडशाचा? इन्साफ हसली. नोंदवून ठेवतो.

१४ जानेवारी
सोनं घेतलं. डॉ. हातिम: "सोन्याला झोप येत नाही." तांदळाच्या डब्यात लपवलं.

२९ जानेवारी
पेपरात मोठा मथळा: सोनं शिखरावर, आज विकणारे शहाणे. डॉक्टर गप्प. वजन केलं. छापील शब्दाला वजन जास्त. विकलं. घडणावळीत थोडं गेलं.

३० जानेवारी
सोनं वाढलं.

३१ जानेवारी
आणखी वाढलं. तत्त्वतः मीच बरोबर होतो, बाजार चुकला.

सबरीने जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. निळी. ताईला मध्येच दम खायला. लोक काय म्हणतील? ऑडिटरच्या बायकोला जिन्यात बसावं लागतं?

१८ फेब्रुवारी
निम्म्या पैशांचे कोंबडीच्या कंपनीचे शेअर घेतले. डॉ. हातिम: "देश एक वेळ गाडी घ्यायचा थांबेल, कोंबडी खायचा थांबणार नाही." बिनतोड.

इन्साफने विचारलं, तळमजल्याचं काय? सांगितलं, कोंबडी वर गेली की तू खाली जाशील. मला वाटलं हसेल.

६ मार्च
कोंबड्यांवर रोग. शेअर जवळजवळ कागदाच्या भावात. डॉक्टर आज म्हणाले, कोंबडीपासून लांब राहा असं मी पहिल्यापासून सांगत आलोय. फाइल काढून पाहिली. असं सांगितल्याची नोंद नाही. माझ्याकडूनच लिहायची राहिली असणार.

११ मार्च
रोजा सोडून टीव्हीपुढे. डॉक्टरांचा रमजान विशेष कार्यक्रम. असा विचार मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणाले, फ्लॅट पडून राहतात, सोनं पडतं, कोंबडी मरते, पण माणूस मरायचा थांबतो का? शहर फुगतंय, जुन्या कबरस्तानांतून रस्ते चाललेत, पुरायचं कुठे? ज्याच्याकडे आज रिकामी कबर आहे, तो उद्याचा राजा!

अंगावर काटा आला. कार्यक्रमभर पडद्याखाली कबरी बांधणाऱ्या कंपनीचा फोन नंबर फिरत होता. प्रेक्षकांची केवढी सोय.

२० मार्च
कंपनीच्या बसने फयूम रोडला जाऊन आलो. बघून डोळे निवले. गुलाबी दगडाची भिंत, लोखंडी फाटक, आत छोटं अंगण, कोरफडीचं रोप, जमिनीखाली दोन प्रशस्त खोल्या. एक पुरुषांची, एक बायकांची. सेल्समन म्हणाला, साहेब, वर्षात दामदुप्पट. मी कच्च्या गुरूचा चेला नाही. विचारलं, मग तू घेतलीस का? म्हणाला, आम्हाला कुठे परवडते साहेब. प्रामाणिक माणूस.

घरी सांगितलं. इन्साफ ईदच्या कहक बिस्किटांचं पीठ मळत होती. तिने विचारलं, पायऱ्या आहेत का तिथे? म्हणालो, खाली उतरायला चार-पाच आहेत, पण तेव्हा आपल्याला कुठे चालत उतरायचंय. पीठ तसंच टाकून आत गेली. या बाईला विनोद कळत नाही.

२७ मार्च
सही केली. सगळे पैसे एकदम भरले म्हणून कंपनीने खजुराचा डबा दिला.

सबरी खालून पाच मजले चढून फक्त भांडायला आला. धापा टाकत होता नुसता. म्हणाला, दाजी, जिवंत बायकोला खोली नाही आणि मेलेल्यांना दोन? मी शांतपणे रिस्क म्हणजे काय ते समजावलं. म्हणाला, ताईचा नवरा नसतात ना, तर कमोडात बुडवलं असतं. नळवाल्यांची भाषा.

४ एप्रिल
बेकरीमागची जागा एका दातांच्या डॉक्टरने घेतली. इन्साफ दुपारभर खिडकीशी बसून त्यांचं सामान आत जाताना बघत होती.

१६ मे
विकायला जाहिरात दिली. एक फोन आला. त्यालाही स्वतःची कबरच विकायची होती. बाजारात हालचाल आहे.

दर शुक्रवारी कोरफडीला पाणी घालायला जातो. मालमत्ता टवटवीत दिसली पाहिजे. जाऊन यायला दिवस जातो. तेवढा वेळ घरातली कटकटही नाही.

१२ जून
इतिहास घडला! 'तुमचा खिसा'मध्ये माझा फोन लागला. म्हणालो, शुब्राहून वजीह बोलतोय, आपल्या सल्ल्याने कबर घेतली, गिऱ्हाईक कधी येईल? डॉक्टर म्हणाले, धीर धरा हाजी, मरण कोणाला चुकलंय! पूर्ण देशासमोर मला हाजी म्हणाले. हज अजून व्हायची आहे, तो भाग वेगळा.

फोन ठेवून वळलो तर इन्साफ दारात. म्हणाली, माझे गुडघे का नाही सांगितले त्याला? तेही गुंतवणुकीतच गेलेत ना?

२० जुलै
इन्साफने खाली उतरणं बंद केलं. भाजी टोपलीतून. बाल्कनीतून दोरीने टोपली सोडते, भाजीवाला भरतो, ही वर ओढते. मी म्हणालो, बघ, जिन्याची गरजच उरली नाही! म्हणाली, टोपलीत मी मावत नाही.

जड सामान सबरी दर बुधवारी दुकान उघडायच्या आधी आणून देतो. गॅस, तांदूळ, तेल. मी त्याला विरोध केलेला नाही. माझ्या कंबरेला जपायला हवं.

१४ सप्टेंबर
आलं! गिऱ्हाईक आलं! तान्ताचे कापसाचे व्यापारी, आई अत्यवस्थ. सांगितली ती किंमत कबूल, वर गुलाबी दगड आवडला म्हणाले. गुरुवारी सकाळी पैसे आणि सही. म्हातारीने गुरुवारपर्यंत तग धरावा एवढीच प्रार्थना. नाही, उलट. गुरुवारनंतर लगेच. जे काही सोयीचं असेल ते.

इन्साफला म्हणालो, आता बोल! दातांच्या डॉक्टरला सगळ्या दातांसकट विकत घेतो! ती आज हसली. खरं सांगायचं तर त्या हसण्यावर मी विरघळलो. उद्याच तळमजला बघायला लागतो. आधी डॉक्टरांना फोन करून आभार मानायला हवेत.

१७ सप्टेंबर, बुधवार
सबरी गेला.

सकाळी तेलाचे डबे घेऊन चढत होता. तिसऱ्या मजल्यावर त्या निळ्या खुर्चीत बसला तो बसलाच. डबे व्यवस्थित पायाशी ठेवलेले. एक थेंब सांडला नव्हता. माणूस टापटिपीचा होता, हे मी कधी नाकारलं नाही.

नंतरचं जसं घडलं तसं लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. दुपारच्या नमाजानंतर माती द्यायची ठरली. त्यांची वडिलोपार्जित कबर गेल्या वर्षी रस्त्यात गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अत्यंत समंजसपणे एवढंच म्हणालो की, गरमी ओसरलीय, बर्फ मिळतो, उद्या सकाळपर्यंत थांबलं तर? सौदा झाला की त्यातून सबरीला याहून चांगली, मोठी जागा घेऊ. त्याच्याच भल्याचं सांगत होतो.

सबरीची बायको कौसर माझ्याकडे बघत होती, जणू मी परक्या भाषेत बोललो. इन्साफने हात पुढे केला. म्हणाली, किल्ली.

सबरीच्या दुकानातल्या माणसांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. त्याच निळ्या खुर्चीत. दोन महिन्यांनी ती जमिनीवर उतरली.

१८ सप्टेंबर
तान्ताहून फोन. येतोय म्हणाले, जागा रिकामीच आहे ना? ऑडिटर खोटं बोलत नाही. म्हणालो, जवळजवळ.

त्यांनी फोन ठेवला.

२६ सप्टेंबर
इन्साफ कौसरकडेच आहे. त्यांचं घर तळमजल्यावर. चाळिसावा दिवस होईपर्यंत राहील, साहजिक आहे. मी गेलो तर दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी दिली आणि इतर बायकांशी बोलत बसली. अंगणात चालत होती, भिंतीला धरून का होईना. मला बघून थांबली.

टोपली सोडून पाहिली. भाजीवाला म्हणाला, बाईसाहेब कुठायत? उधार त्यांच्या तोंडावर देत होतो.

९ ऑक्टोबर
'तुमचा खिसा'. विषय: निवृत्तांच्या दहा घोडचुका. आवडीने बसलो, वही घेऊन. सहावी चूक: कबरीत पैसे घालणं. डॉक्टर म्हणाले, अशीही माणसं आहेत बरं का, आणि माझा जूनचा आवाज लावला. "गिऱ्हाईक कधी येईल?" स्टुडिओत सगळे खो खो हसले. डॉक्टरही. पडद्याखाली आता बँकेच्या सर्टिफिकेटचा नंबर फिरत होता.

फोन लावला. खुलासा करायचा होता. लाइनवर खूप वेळ गाणं वाजत राहिलं.

२७ ऑक्टोबर
चाळिसावा. सगळे फयूम रोडला गेलो. फाटकावर नवी संगमरवरी पाटी: सबरी अल-मन्यावी आणि कुटुंब. कोरफड कोणीतरी उपटून गुलाब लावलेत.

मी इन्साफला बाजूला घेतलं. म्हणालो, झाले चाळीस दिवस, चल घरी. म्हणाली, कुठलं घर? मी कौसरकडे राहणार, तिथे मला दार उघडून बाहेर पडता येतं. आवाज चढवला नाही, काही नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

म्हणालो, बरं, पण ही पाटी? आतली बायकांची खोली तुम्हा दोघींची, पुरुषांच्या खोलीत सबरी, मग माझं काय? म्हणाली, कौसरला विचारलंय मी, तिची हरकत नाही. सबरीच्या पलीकडे भिंतीकडे एक जागा आहे, तिथे तुम्हाला घेऊ.

मला राहवलं नाही. म्हणालो, अगं, पैसे कोणी भरलेत?

म्हणाली, तुम्ही. म्हणून तर घेतोय.

परत आलो. वर चढायला लागलो. गळ्यात टाय काचत होता, तो काढून खिशात घातला. खुर्ची कोणीतरी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलीय. हे तिच्यात बसून लिहितोय. अजून दोन मजले आहेत.