हबीबचाचा, तो अर्ज मीच लिहिला होता

प्रिय हबीबचाचा,

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. सकाळी तुमच्या सलीमला भेटून दिंद्रुडला परत आलो आणि आमच्या दुकानात बसून हे लिहितोय. वडील जेवायला घरी गेलेत, गिऱ्हाईक नाही. सलीम काय बोलला ते शेवटी सांगतो. आधी मला माझं सांगू द्या. तुमच्यासमोर ते सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.

प्राचार्यांकडे तुमच्याविरुद्ध जो निनावी अर्ज गेला, तो मी लिहिला होता.

तुम्ही यायच्या आधी आमची टीम काय होती, आठवतं? आदल्या वर्षी आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो. एकदा तर नऊ गोल खाल्ले आणि परतीच्या जीपमध्ये एकमेकांवर खापर फोडत आलो. आमचे क्रीडाशिक्षक कबड्डीतले. फुटबॉलचं ते शिट्टीपुरतंच बघायचे. तुमचा फळांचा गाडा कॉलेजच्या गेटसमोर असायचा आणि तारेच्या कुंपणातून तुम्ही आमचा सराव बघायचात. तुमचा मुलगा सलीम आमचा गोलकीपर, तेवढीच आपली ओळख. एक दिवस गाडा तसाच सोडून तुम्ही आत आलात आणि मला, कॅप्टनला, म्हणालात, "समदेच बॉलमागं पळायलेत बे. जागा कोण धरणार?"

मला राग आला. केळी विकणारा माणूस आपल्याला फुटबॉल शिकवणार? तरुणपणी तुम्ही औरंगाबादला क्लबकडून खेळला होतात, गुडघा गेला म्हणून सुटलं, हे नंतर कळलं. सरांनी तर सुटल्यासारखं होऊन टीम तुमच्या हाती दिली.

मग रोज सकाळी सहाला सराव. पहिला आठवडा तुम्ही बॉलला हातच लावू दिला नाही. चौघाचौघांच्या कमरेला एकच लांब दोर बांधून आम्हाला मैदानभर चालवलंत. दोर ताणला की कुणीतरी एकटाच पुढे गेला, असं समजायचं. येणारेजाणारे गेटवर थांबून हसायचे. तुम्ही मात्र लंगडत आमच्या बाजूनं चालत राहायचात.

महिनाभरात धर्मापुरीच्या पोरांशी सरावाची मॅच बरोबरीत सुटली. बरोबरीतच, पण आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. त्याच दिवशी परतताना तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की उद्यापासून मी पुढे खेळायचं नाही, मागे बचावात खेळायचं. माझ्या जागी दत्ता, शिरूर कासारचा, पहिल्या वर्षाला आलेला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, त्याच्याकडे धड बूट नव्हते, पण तो वाऱ्यासारखा पळायचा.

"तू पळतोस लई," तुम्ही म्हणालात, "पण तुला समदं मैदान दिसतं. असा माणूस मागं पाहिजे."

ती शाबासकी होती हे आज कळतं. तेव्हा फक्त अपमान कळला. तीन वर्षं मी पुढे खेळलो होतो. घरी, गावात, सगळ्यांना तेच माहीत होतं. आता काय सांगायचं?

मग कॉलेजांच्या स्पर्धेत आम्ही पहिली मॅच जिंकलो, दुसरीही जिंकलो. दोन्ही वेळा गोल दत्तानं केले आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी टाळ्या वाजवल्या आणि त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. हरत असताना नाही चाचा, जिंकत असताना लिहिला. याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

काय लिहिलं होतं? बाहेरचा माणूस रोज मैदानावर येतो, आपल्याच पोराला गोलकीपर ठेवतो, आपल्या समाजाच्या पोरांना पुढे करतो. शेवटचं वाक्य लिहिताना ते खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं. अकरा जणांत तुमच्या समाजाचे दोघं, आणि दोघंही तुम्ही यायच्या आधीपासून टीममध्ये होते. तरी लिहिलं, कारण त्या वाक्याचा असर होणार हेही मला माहीत होतं.

आणि झालाच. चारच दिवसांत बाहेरच्या माणसांना मैदान बंद झालं. तुम्ही नेहमीसारखे सहाला आलात आणि वॉचमननं तुम्हाला गेटवर अडवलं. तुम्ही आत बघितलंत. मी समोरच होतो. मी खाली वाकलो आणि बांधलेलीच लेस सोडून पुन्हा बांधत बसलो. मान वर केली तेव्हा तुम्ही गाड्यावरचं फडकं झटकत होतात.

तरीही तुम्ही शिकवणं का सोडलं नाहीत? कॉलेज सुटलं की पोरं गाड्याभोवती जमायची आणि तुम्ही मोसंब्या मांडून कुणी कुठं उभं राहायचं ते दाखवायचात. मीही यायचो. लाज सोडून यायचो, कारण एव्हाना मला बचावात खेळणं आवडायला लागलं होतं. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेतलंत. समोरच्या टीमचा दहा नंबरचा खेळाडू डाव्या पायाचा आहे, त्याला आत वळू द्यायचं नाही, बाहेरच ढकलत राहायचं, हे तीनतीनदा समजावलंत. मी त्याला पूर्ण मॅचभर वळू दिलं नाही. ती मॅच जिंकलो, आणि फायनलही एक-शून्यनं जिंकलो. गोल दत्ताचा.

सत्काराच्या दिवशी माझ्या हातात माईक आला. मी प्राचार्यांचे आभार मानले, सरांचे मानले, आईवडिलांचे मानले. तुम्ही मांडवाच्या कडेला उभे होतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग यांना मैदानावरून काढलं का? मी "जय हिंद" म्हणून खाली उतरलो. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

त्यानंतर रोज ठरवायचो, उद्या सांगू. आणि मग ती सकाळ आली. फळांच्या लिलावात तुम्ही छाती धरून खाली बसलात ते उठलाच नाहीत. कब्रस्तानात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. पुढे यायची हिंमत झाली नाही.

आज सलीमला सगळं सांगितलं. तुमच्या दारात, उभ्यानंच. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला माहीत हाय."

प्राचार्यांनी तो अर्ज तुम्हाला दाखवला होता म्हणे. टीमची यादी रोज मीच लिहून तुमच्या हातात द्यायचो. अक्षर तुम्ही पहिल्या ओळीतच ओळखलंत. मी सलीमला विचारलं, "मग तू बोलला कावून न्हाईस?"

"अब्बा न्हाई म्हणले. टीम फुटंल म्हणले."

चाचा, म्हणजे त्यानंतरचा संपूर्ण सीझन मी गोलसमोर खेळत होतो, माझ्या पाठीमागे सलीम उभा होता, आणि त्याला माहीत होतं. प्रत्येक मॅचमध्ये "शिवराज, डावीकडं बघ, मी हाय" असं ओरडून तो मला सांभाळत होता. आणि मला दहा नंबरचा डावा पाय समजावताना तुम्हालाही माहीत होतं.

चाचा लई चिडले होते का, असं मी विचारलं.

"दोन दिस जेवले न्हाईत," तो म्हणाला. "मग मला म्हणले, शिवराज आता मागं चांगला खेळायलाय. त्याला हलवू नका."

तुम्ही मला शिव्या का दिल्या नाहीत चाचा? चारचौघांत एक थोबाडीत दिली असती तरी मी मोकळा झालो असतो. असं वागलात की आता आयुष्यभर मला मान वर करता येणार नाही.

माफी मागत नाही. ती द्यायला तुम्ही नाही, आणि असतात तर मी न मागताच तुम्ही ती दिली असतीत, तेही मला नको. एक शब्द मात्र देतो. उद्या सकाळी सहाला मैदानावर सगळी टीम असेल. दत्तासमोर, सलीमसमोर, सरांसमोर मी हे सगळं माझ्या तोंडानं सांगेन आणि तिथून सरळ प्राचार्यांकडे जाईन. पोरांनी टीमबाहेर काढलं तर जाईन. ठेवलं, तर तुम्ही दाखवलेल्या जागेवरच उभा राहीन.

तुमचा,
शिवराज